व्यायामात आणि रोजच्या कामांत ध्यानातील एकाग्रता कशी आणावी?

पहाटपायऱ्या (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४९ असून मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी राहतो. पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोनदा चढणे-उतरणे, घरी येऊन २४ सूर्यनमस्कार घालणे आणि आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळेत वजने उचलणे असा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. दोन वर्षांपूर्वी मी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे आणि त्यानंतर डोक्यापासून पायांपर्यंत शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहत जायच्या, एवढेच तेथे दिवसाचे सुमारे दहा तास करायचे होते. सातव्या दिवशी भोजनगृहातून खोलीकडे परतताना टाच, चवडा आणि बोटे एकामागून एक जमिनीला टेकतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवले, आणि त्याच दिवशी वाटले की हे घरी नेता आले पाहिजे.

अडचण अशी की, शिबिरात चालण्यावाचून दुसरा व्यायाम करू देत नाहीत. योगासनेही तेवढ्या दिवसांपुरती बाजूला ठेवायला सांगतात. नियमामागचे कारण मला पटते, परंतु त्यामुळे ध्यान एकीकडे आणि व्यायाम दुसरीकडे असेच माझ्या मनात राहून गेले. सकाळी बसलो की अर्धा तास मन बऱ्यापैकी ठिकाणावर असते. उठून नमस्कार घालू लागलो की सातव्या-आठव्या नमस्काराला मी कार्यालयात पोहोचलेला असतो. हातपाय आपले काम करत राहतात, चोविसावा झाला हे आकड्यावरून कळते, पण मधले पंधरा कसे झाले ते मला सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उभे राहत उचलणे) करताना डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचा विचार चालू होता. चौथ्यांदा वजन उचलताना कंबर धरली आणि पुढचे पाच आठवडे वाकून चप्पल घालणेही अवघड झाले. प्रशिक्षक शेजारीच उभे होते आणि तोंडाने आकडे मोजत होते, पण त्यांची नजर मोबाइलवर होती. त्यांना दोष देत नाही, कारण माझेही लक्ष माझ्या हातातल्या वजनावर नव्हते.

माझा प्रश्न असा आहे की व्यायाम करताना लक्ष नेमके कशावर ठेवावे? श्वासावर, नामावर, स्नायूंवर की मोजण्यावर? बुद्धांनी सतिपट्ठान सुत्तात चालणे, वळून पाहणे, हातपाय आखडणे-पसरणे, वस्त्र नेसणे, खाणे-पिणे या सर्वांत जाण ठेवायला सांगितले आहे, म्हणजे ही गोष्ट माणसाला जमण्यासारखी असली पाहिजे. परंतु स्कूटरवरून स्वारगेटचा चौक ओलांडताना किंवा घरी भाजी चिरताना ती कशी जमवायची, हे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांच्याकडून ऐकायचे आहे.

मल्लखांबप्रेमी

मी गेली ३१ वर्षे मुलांना मल्लखांब शिकवतो आहे, त्यामुळे जे लिहीन ते आखाड्यातले असेल. ध्यानाचा शास्त्रशुद्ध अभ्यास मी केलेला नाही.

मल्लखांबावर लक्ष ढळले तर ते त्याच क्षणी कळते. लाकडी खांबाला आम्ही एरंडेल चोळतो, पायांनी खांबाला घातलेली अढी क्षणभर सैल पडली की मूल सरकत खाली येते. दोरीच्या मल्लखांबावर तर सगळी भिस्त पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यावर असते. नवीन मुलाची तिथली कातडी सोलवटते, ते त्या दुखण्याकडे पाहू लागते, दुखण्याकडे पाहता पाहता हाताची पकड विसरते आणि लोंबकळू लागते. अशा वेळी खालून चार सूचना ओरडल्या तर मूल हमखास उतरते. म्हणून आमच्या उस्तादांनी आम्हाला एक गोष्ट घालून दिली होती: एका वेळी एकच शब्द सांगायचा. पकड बसेपर्यंत फक्त ‘पकड’. ती बसली की ‘अढी’. अढी लागली की ‘नजर’. मुलाच्या मनाला प्रत्येक टप्प्यावर एकच जागा दिलेली असते आणि टप्पा बदलला की जागा बदलते. श्वास, नाम, स्नायू की संख्या, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की यांपैकी कोणतेही चालेल, पण एका वेळी दोन नकोत.

आता तुमच्या नमस्कारांविषयी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले तेव्हा मंत्रोच्चार हा त्यांच्या पद्धतीचा भाग होता. आज पुष्कळ ठिकाणी मंत्र गळाला आणि आकडा उरला, आणि माझ्या मते यात मोठे नुकसान झाले. मंत्राकडे श्रद्धेने पाहा किंवा पाहू नका, पण त्याची एक सोय ध्यानात घ्या. मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय, पूष्णे, हिरण्यगर्भाय, मरीचये, आदित्याय, सवित्रे, अर्काय, भास्कराय ही बारा नावे म्हणजेच बारा नमस्कारांची मोजणी आहे. आकडे जिभेवर इतके मुरलेले असतात की मन दहा कोस दूर असले तरी सात नंतर आठ येतोच. पूष्णे नंतर काय, हे मात्र मन हजर असल्याशिवाय पहिले काही महिने तरी येत नाही. नाव अडले की समजावे, आपण इथे नव्हतो.

दोन आठवडे २४ ऐवजी १२ नमस्कार घाला. हात वर नेताना श्वास घेणे आणि पुढे वाकताना सोडणे, याप्रमाणे प्रत्येक स्थितीला तिचा श्वास पुरता मिळू द्या. माझा स्वतःचा एक नमस्कार या गतीने पाऊण मिनिटाच्या आसपास जातो. आणि एक जागा विशेष सांभाळा. नमस्कार संपून हात छातीशी आले की पुढचा सुरू होण्याआधी जो क्षण असतो, मन निसटते ते तिथून. माझ्या शेकडो विद्यार्थ्यांत मी हे पाहिले आहे. अंग हलत असताना मुले शाबूत असतात, उभे राहिल्याबरोबर खिडकीबाहेर पाहतात. तिथे एक पूर्ण श्वास तळपायांवर उभे राहा आणि मग पुढचे नाव घ्या.

मन गेलेले कळले तर पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची शिक्षा स्वतःला करू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणावे असे सांगितले आहे. गेल्याबद्दल त्याला दंड करावा असे तिथे म्हटलेले नाही.

सांधेसोबती

मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) आहे. आधी तुमच्या कमरेविषयी लिहिते, कारण तिथे तुम्ही स्वतःवर थोडा अन्याय करत आहात. पाठ धरली ती केवळ विचार भरकटल्यामुळे, असे मानू नका. त्या दिवशीची झोप, आदल्या आठवड्यातले बैठे काम, वजन किती वेगाने वाढवले आणि स्नायू किती थकले होते या सर्वांचा त्यात वाटा असतो. लक्ष असते तर कदाचित तिसऱ्या वेळीच ‘आज जमत नाही’ हे कळले असते, आणि लक्षाचा खरा उपयोग तोच आहे. पण लक्ष आहे म्हणून जास्त वजन पेलेल, असा उलट अर्थ कृपया काढू नका.

लक्ष कशावर, या प्रश्नावर क्रीडाशास्त्रात बरेच काम झाले आहे आणि त्याचे उत्तर सर्व व्यायामांना एकच नाही. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. बर्फावरील घसरणीचा सराव देणाऱ्या एका यंत्रावर लोकांना शिकवताना काहींना आपल्या पायांच्या जोराकडे लक्ष द्यायला सांगितले आणि काहींना पायाखालच्या फळीच्या चाकांकडे. पाय आणि चाके यांत अंतर अगदी थोडे, तरीही चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. पुढे तोल, फेक, उडी अशा अनेक कौशल्यांत हेच दिसून आले. शरीर जी हालचाल सवयीने उत्तम करते, तिच्या एकेका स्नायूवर पहारा बसवला की ती अडखळू लागते. जिना उतरताना कोणता पाय कसा वाकतो याचा विचार करून पाहा, लगेच पटेल.

म्हणून वजन उचलताना मी रुग्णांना ‘मांडी आवळा’ असे म्हणत नाही; ‘पायांनी जमीन खाली ढकला’ असे म्हणते. लक्ष जमिनीवर ठेवा. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावल्याने रक्तदाब एकदम चढतो आणि ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना ते धोक्याचे ठरू शकते. याउलट संथ हालचालींत, ताणात किंवा दुखापतीनंतर एखादा स्नायू पुन्हा जागा करताना लक्ष आत नेणे उपयोगी पडते, कारण तिथे वेग नसतो आणि आपल्याला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. तुमच्या नमस्कारांसाठी आत, वजनांसाठी बाहेर, असे मी ढोबळमानाने सांगेन.

लांब पल्ल्याच्या धावण्याचे तिसरेच. विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी १९७७ मध्ये अव्वल धावपटूंचा अभ्यास केला, तेव्हा हे धावपटू धावताना मन दुसरीकडे रमवत नाहीत, तर श्वास, पायांतला जडपणा, ताण यांचा सतत अंदाज घेत वेग राखतात असे त्यांना आढळले. यात पहारा नाही, हालहवाल विचारणे आहे. पर्वती चढताना हे करून पाहण्यासारखे आहे: दर वीस पायऱ्यांना जबडा, खांदे आणि मुठी यांची एक फेरी मारायची. तिघांपैकी एक तरी विनाकारण आवळलेले सापडेल.

स्कूटरवर मात्र श्वासावर लक्ष नेऊ नका. हे मी आग्रहाने लिहिते. रस्त्यावर लक्ष पसरलेले हवे, आरसा, बाजूने येणारी रिक्षा, पुढच्या वाहनाचा दिवा या सर्वांना त्यात जागा हवी. आत जायचे असेल तर लाल सिग्नलला, आणि तेही हँडलवरची पकड सैल करण्यापुरते.

आणखी एक. काही लोकांना शरीराकडे बारकाईने पाहू लागल्यावर धडधड, घुसमट किंवा जुने भय वर येते. असे झाले तर डोळे उघडे ठेवून आवाजांवर किंवा तळपायांवर लक्ष आणावे आणि नेटाने पुढे रेटू नये. पुन्हा पुन्हा होत असेल तर जाणकाराशी बोलावे.

दिंडीतला_एक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. ते एकट्याने करण्याच्या अभ्यासाविषयी आहेत. मला चारचौघांत होणाऱ्या एकाग्रतेविषयी सांगायचे आहे.

निवृत्तीनंतर नऊ वर्षे मी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जातो. दिंडीत मध्यभागी विणेकरी, सोबत पखवाज, दोन्ही बाजूंना टाळकरी, आणि सकाळपासून ठरलेल्या क्रमाने अभंग चाललेले असतात. पाय चालतात, हात टाळ धरतात, मुख अभंग म्हणते आणि कान पुढच्या ओळीचा अदमास घेतात. एवढी इंद्रिये कामाला लागल्यावर मनाला भटकण्यासाठी फारशी सवड राहत नाही. भटकलेच, तर टाळ चुकतो आणि शेजारचा वारकरी नुसता पाहतो. त्या पाहण्यात राग नसतो, पण मन परत येते. घरी एकट्याला जे दहा मिनिटे टिकत नाही ते तिथे तासभर टिकते, याचे श्रेय माझे नाही, दिंडीचे आहे.

दिवेघाट चढताना मला एक गोष्ट समजली. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी पुढे निघालो आणि अर्ध्या घाटात अभंगाचा चरण पुरा होईना. दम लागून शब्द तुटू लागले. एका वृद्ध वारकऱ्यांनी दंडाला हात लावून सांगितले, “बाबा, मुखातलं नाम तुटलं की पाय आवर.” तेव्हापासून माझा वेग घड्याळ ठरवत नाही. चरण सलग म्हणता आला पाहिजे, एवढीच माझी मोजणी. आपण पर्वती चढताना मनातल्या मनात न म्हणता हळू आवाजात म्हणून पाहावे. आवाज बाहेर पडला की श्वास, पाऊल आणि मन यांना एकाच दोरीत यावे लागते.

माडाची_सावली

माझे माहेर सोलापूर, गेली सोळा वर्षे मी फोंड्याला राहते. घरात आठ वर्षांचा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. तुमच्या प्रश्नातल्या ‘रोजच्या कामांत’ या शब्दांवर मला बोलायचे आहे, आणि ते थोडे विरोधात आहे.

आमच्याकडे अजून आठवड्यातून दोनदा ज्वारीच्या भाकऱ्या होतात. पीठ कढत पाण्यात कालवून तळहाताने रगडावे लागते. रगडणे कमी पडले की थापताना कडा चिरतात. थापताना भाकरी परातीत फिरत राहते ती बोटांच्या टोकांनी, आणि एका बाजूला दाब जास्त पडला तर तिथे ती कागदासारखी होते. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचे आणि ते पुरते सुकण्याच्या आत उलटायची. हे सर्व करताना मला कधीही ‘लक्ष दे’ असे स्वतःला सांगावे लागलेले नाही, कारण हाताला दर क्षणी उत्तर मिळत असते. भांडी घासताना मात्र तसे उत्तर मिळत नाही आणि मन खुशाल हिंडते. मी काही वर्षे भांड्यांतही जबरदस्तीने मन आणण्याचा प्रयत्न केला. त्यातून थकवा आला, शांती आली नाही. आता भांडी घासताना मन जाईल तिकडे जाऊ देते. मुलाच्या शाळेचे, औषधांचे हिशेब तिथेच होतात आणि तेही कोणीतरी करावेच लागतात.

दुसरे असे की, घर सांभाळणाऱ्याचे लक्ष विभागलेले असणे हा दोष नाही, ते त्याचे काम आहे. भाजी चिरताना सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला हे मला कळले पाहिजे. मी सुरीच्या पात्यात इतकी बुडाले की तो खोकला ऐकू आला नाही, तर त्या एकाग्रतेचा मला काय उपयोग? मल्लखांबप्रेमी यांनी ‘एका वेळी एकच’ म्हटले ते खांबावर अगदी बरोबर आहे, स्वयंपाकघरात मला ते मान्य नाही.

मला जे साधले ते इतकेच: दिवसातल्या काही ठरावीक उंबरठ्यांवर थांबायचे. सासूबाईंच्या खोलीत शिरण्यापूर्वी मी दाराच्या चौकटीला हात लावते आणि एक श्वास पूर्ण सोडते. स्वयंपाकघरातली घाई त्यांच्या अंगाला हात लावताना माझ्या बोटांत असू नये म्हणून. त्यांना कूस बदलून देताना माझा हात घाईचा आहे की नाही हे त्यांना बरोबर कळते.

मल्लखांबप्रेमी

माडाची_सावली, तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. खांबावर चढलेला मुलगा एक शब्द ऐकतो, पण खाली उभा असलेला मी त्याच वेळी चार मुलांकडे पाहत असतो आणि पाहावेच लागते. तो फरक मला लिहिताना सुचला नव्हता.

पहाटपायऱ्या

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर न देता पाच आठवडे करून पाहिले आणि मग लिहितो आहे.

नमस्कार १२ वर आणले. पहिल्या आठवड्यात ‘मरीचये’ रोज अडत होते. आता बहुतेक दिवशी बाराही नावे सलग येतात आणि ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी रात्री झोप नीट झालेली नसते, असे माझ्या लक्षात आले. दोन नमस्कारांच्या मधली जागा मात्र सर्वांत कठीण निघाली. तिथे उभे राहिलो की उजव्या पायावर भार जास्त असतो, हे मला ४९ वर्षांत माहीत नव्हते.

वजने निम्म्यावर आणून ‘जमीन खाली ढकला’ हे धरून चाललो आहे. एक दिवस दुसऱ्याच खेपेला कंबरेत ओळखीचा ताठरपणा जाणवला आणि मी वजन ठेवून दिले. पूर्वी हे मी ठरलेली संख्या पुरी केल्याशिवाय केले नसते.

पर्वतीवर हळू आवाजात हरिपाठ म्हणत चढतो. शेवटच्या तीसेक पायऱ्यांवर शब्द तुटतात, तेव्हा पाय आवरतो. घरी कार्यालयातून परतल्यावर दार उघडण्यापूर्वी किल्ली हातात धरून एक श्वास सोडण्याची सवय लावली आहे. पत्नीने दोनदा विचारले की इतका वेळ बाहेर का उभा असतोस.

एक अडचण शिल्लक आहे. चढताना जे साधते ते उतरताना अजिबात साधत नाही. श्रम नसतात, नाम यंत्रासारखे होते, आणि त्या दगडी पायऱ्या पावसात निसरड्या असतात.

सांधेसोबती

उतरताना नाम किंवा श्वास यांपैकी काहीही धरू नका, आवाज धरा. तुमच्या पावलाचा आवाज. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात. ते थकले की पाऊल टेकण्याऐवजी पडते आणि आवाज मोठा होतो. पाऊल शक्य तितके नि:शब्द टेकवत उतरायचे, एवढेच लक्ष्य ठेवा. लक्ष बाहेर राहील, वेग आपोआप उतरेल आणि गुडघ्यांवरचा धक्काही कमी होईल. नजर दोन-तीन पायऱ्या पुढे ठेवा. पावसात कठड्याच्या बाजूने उतरा आणि हात मोकळे ठेवा, छत्रीऐवजी रेनकोट घाला. उजव्या पायावर भार जास्त पडतो असे लिहिले आहे, तर पुढचा आठवडा दोन्ही पावलांचा आवाज सारखा येतो का तेवढे ऐका आणि इथे कळवा.